महाडकरांनो, पोलादपूरकरांनो, ही वाट बंद होऊ देऊ नका

फेब्रुवारी २०१९मध्ये आपल्या जिल्ह्याविषयी एक घोषणा झाली होती. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जिला महाड एमआयडीसीतली जुनी मंडळी अजूनही यूडीसीटीच म्हणतात, ती आणि गुड फूड इन्स्टिट्यूट ही संस्था मिळून कर्जतला एक संशोधन केंद्र काढणार होत्या. विषय होता प्राण्याच्या पेशी वाढवून त्यांपासून मांस तयार करण्याचा. सरकारी संशोधन संस्थेनं उभं केलेलं या विषयातलं जगातलं पहिलं केंद्र, असं त्याचं वर्णन त्या वेळी झालं. अलिबागचा पांढरा कांदा आणि पेणचे गणपती यांच्यामुळे ओळखला जाणारा आपला रायगड एका अगदी नव्या विज्ञानाच्या नकाशावर येणार होता.

त्यानंतर जगात उलटी हवा सुटली. नोव्हेंबर २०२३मध्ये इटलीनं असं मांस बनवायला आणि विकायला कायद्यानं बंदी केली. मोडणाऱ्याला दहा हजारांपासून साठ हजार युरोपर्यंत दंड. मे २०२४मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यानं तसाच कायदा केला, पाठोपाठ अलाबामानं. २०२५ साली मिसिसिपी, मोंटाना, नेब्रास्का यांनी बंदी घातली, इंडियाना आणि टेक्सास यांनी दोन-दोन वर्षांसाठी दार लावून घेतलं. कारण सगळीकडे जवळजवळ एकच सांगितलं गेलं: आमचा पशुपालक वाचवायचा आहे, आमचं परंपरेचं अन्न वाचवायचं आहे.

आपल्याकडे असा कायदा झालेला नाही. भारतात असं मांस विकायला परवानगीही आजवर मिळालेली नाही. बाजारात माल नाही आणि बंदीही नाही, म्हणूनच मी आत्ता लिहितो आहे. अन्नावरच्या बंद्या कशा येतात ते आपण पाहिलं आहे. ऑगस्ट २०२५मध्ये कल्याण-डोंबिवली, मालेगाव, नागपूर अशा महापालिकांनी स्वातंत्र्यदिनी मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचे आदेश काढले आणि १९८८च्या एका सरकारी निर्णयाचा आधार दिला. वाद पेटला, खुद्द तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी नाराजी बोलून दाखवली, तरी दुकानदाराचा एका दिवसाचा धंदा बुडायचा तो बुडाला. आदेश आधी येतो आणि विचार नंतर होतो. या नव्या अन्नाच्या बाबतीत तरी विचार आधी व्हावा आणि तो आपल्या महाड-पोलादपूरपासून सुरू व्हावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्यापासूनच का, ते सांगतो. हे मांस कसं बनतं हे पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगायला वेळ लागेल. बिरवाडीच्या रासायनिक कारखान्यातल्या ऑपरेटरला दहा मिनिटं पुरतात.

जिवंत जनावराच्या स्नायूतून चिमूटभर तुकडा काढतात. जनावर मरत नाही. त्या तुकड्यातल्या ज्या पेशी वाढू शकतात त्या वेगळ्या करतात आणि स्टीलच्या रिॲक्टरमध्ये सोडतात. आत पाणी, साखर, क्षार, जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं आणि पेशींना वाढायचा इशारा देणारी प्रथिनं असतात. तापमान अंगातल्याइतकं, ३७ अंशांच्या आसपास. जॅकेटमधून ते सांभाळायचं. एजिटेटर हळू फिरवायचा, जोरात फिरवला तर पेशी फाटतात. रासायनिक बॅचमध्ये थोडी भेसळ झाली तर शुद्धता दोन टक्के घसरते, इथं एक जिवाणू शिरला तर आख्खी बॅच गेली, कारण पेशींपेक्षा तो कितीतरी वेगानं वाढतो. म्हणून औषध कंपनीत जशी वाफेनं निर्जंतुक केलेली लाइन लागते तशीच इथं लागते. पेशी पुरेशा झाल्या की त्यांना आधार द्यायचा, धाग्यांचा किंवा जाळीचा, म्हणजे त्या एकमेकींना धरून मांसासारख्या होतात. हे सगळं वाचताना रात्रपाळी करून आलेल्या कुणाला तरी आपलंच खातं डोळ्यांसमोर आलं असेल. रिॲक्टर, बॅच, जॅकेट, सॅम्पल, क्यूसी, शिफ्ट हे शब्द कोकणातल्या फार थोड्या तालुक्यांत घराघरांत बोलले जातात. आपल्याकडे ते भाजीभाकरीइतके रोजचे आहेत.

हे विज्ञान अजून कोवळं आहे, हे लपवायचं कारण नाही. ५ ऑगस्ट २०१३ला लंडनमध्ये मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या मार्क पोस्ट यांनी बनवलेला पहिला बर्गर लोकांसमोर शिजवला गेला तेव्हा त्याच्यावर सुमारे अडीच लाख युरो खर्च झाले होते. डिसेंबर २०२०मध्ये सिंगापूरनं पहिल्यांदा विक्रीला परवानगी दिली. आपलं नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून आणणारा तो देश, त्याला नवी वाट शोधणं भागच होतं. जून २०२३मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं दोन कंपन्यांना चिकन विकायला हिरवा कंदील दाखवला. एवढं होऊनही हे मांस आजही महाग आहे, थोडं आहे, आणि हाडाच्या नळीसकट रश्शात शिजणाऱ्या मटणाच्या जवळपासही पोचलेलं नाही. सुरुवातीला पेशी वाढवायला गाईच्या पोटातल्या वासराच्या रक्ताचा अंश वापरत. आपल्याकडे तो कुणालाच चालणार नाही, आणि चालूही नये. २०२३मध्ये सिंगापूरनं त्याशिवाय वाढवलेल्या चिकनला मान्यता दिली, म्हणजे तो अडथळा ओलांडता येतो. वीज किती लागेल, मोठ्या टाक्यांत ते परवडेल का, हे प्रश्न अजून उभे आहेत. पण ते सोडवायला प्रयोगशाळा उघडी लागते.

आपल्या देशात ती थोडीफार उघडली आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०१९मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्राला आणि तिथल्याच राष्ट्रीय मांस संशोधन केंद्राला या कामासाठी पैसे दिले. जानेवारी २०२४मध्ये कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं दिल्लीच्या एका नव्या कंपनीशी करार केला. त्यांनी निवडलेले मासे वाचून कोकणी माणसाच्या तोंडाला पाणी सुटेल: पापलेट आणि सुरमई. ऑगस्ट २०२४मध्ये केंद्रानं बायोई-३ हे जैवउत्पादनाचं धोरण मंजूर केलं, त्यात नव्या प्रथिनांना स्वतंत्र जागा आहे. एका हातानं केंद्र हे बियाणं पेरतं आहे. अशा वेळी एखाद्या राज्यानं उठून बंदीचा कायदा केला तर त्याचा पहिला फटका बसेल तो संशोधनावर पोट असलेल्या पोरांना. ती पोरं मग बंगळूरला जातील किंवा सिंगापूरला. महाडचं पोर आधीच शिक्षण झालं की गाव सोडतं, त्याला सोडायला आणखी एक कारण देऊ नका.

आता बंदीवाल्यांचा सर्वांत भारी मुद्दा घेऊ. टाकीत मटण वाढायला लागलं तर आमच्या शेळीवाल्याचं काय? हा प्रश्न खोटा नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला धनगरवाड्यांवर, कापड्याच्या पुढच्या वाड्यांवर, उमरठच्या आसपासच्या डोंगरात ज्यांच्या दावणीला चार-पाच बकऱ्या आहेत त्या घरांत बहुतेक म्हातारी माणसंच उरली आहेत. मुलगा मुंबईला. बकरी ही त्यांची बँक. दवाखान्याचा खर्च आला, नातीची फी आली, की एक बोकड जातो.

तो कसा जातो ते एकदा जवळून पाहा. अंगणात दलाल येतो. बोकडाच्या पाठीवरून हात फिरवतो, कंबर दाबतो, मागचे पाय किंचित उचलून पाहतो आणि एक आकडा बोलतो. घरात वजनकाटा नसतो. बाई दोन-तीनशे वाढवून मागते, तो चप्पल घालायला वळतो, मग पन्नास-शंभरावर सौदा तुटतो. तिथून तो बोकड टेम्पोनं खाली उतरतो आणि त्याचंच मटण किलोला सातशे-आठशेच्या घरात विकलं जातं. मधली रक्कम कुठे गेली हे त्या बाईला कळायचा काहीच मार्ग नाही. अशाच एका अंगणात बसून मी एका मावशींना या टाकीतल्या मटणाविषयी सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “करू दे की बाबा त्यांना. माझ्या बकऱ्यांना पावसाआधी सुई कोण मारणार, ते विचार कुणाला तरी.”

मावशींचा प्रश्न अगदी नेमका आहे. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मे महिन्यात आंत्रविषाराची लस टोचली नाही, तर कोवळा पाला खाऊन पावसाळ्याच्या तोंडावर बकऱ्या पटापट मरतात. पीपीआर या शेळ्यांच्या रोगाची साथ आली तर दावण रिकामी होते. खुरं भिजून कुजतात. बिबट्यानं बकरी नेली तर पंचनाम्यासाठी धावाधाव, आणि पंचनाम्याला दाखवायला अर्धी बकरी तरी जागेवर लागते. जुलै २०२१मध्ये तळीयेवर दरड आली, साखर सुतारवाडी आणि केवनाळ्यात डोंगर खाली आला, महाड पाण्यात गेलं. माणसांच्या दुःखापुढे जनावरांची गणती कुणी काढली नाही आणि ते समजण्यासारखं आहे, पण ज्यांची दावण गेली त्यांचा संसारही तिच्याबरोबर गेला होता. यातली एकही अडचण प्रयोगशाळेनं निर्माण केलेली नाही आणि प्रयोगशाळेवरच्या बंदीनं यातली एकही सुटणार नाही. आपल्या गावठी कोंबडीची बाजारपेठ ब्रॉयलरनं खाल्ली, आपल्या डोळ्यांदेखत, ट्रक भरभरून. तेव्हा कोणत्याही सरकारला पशुपालक आठवला नव्हता. अजून बाजारात न आलेल्या वस्तूच्या नावानं तो एकाएकी आठवावा, याचा मला राग येतो. नेब्रास्का तर अमेरिकेतलं गुराढोरांचं राज्य. तिथंसुद्धा काही पशुपालकांनीच सांगितलं होतं की आम्हाला असलं संरक्षण नको, गिऱ्हाईक काय ते ठरवेल.

गिऱ्हाईकाला ठरवता येतं का? आपल्या घरांत डोकावा. महाड-पोलादपूर हा माळकऱ्यांचा मुलूख आहे. एकाच घरात आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि नातू रविवारी सकाळी सातला मटणाच्या दुकानापुढे उभा. आजोबांची भांडी वेगळी, चूल वेगळी, प्रसंगी मागच्या पडवीत दुसरी शेगडी. आजोबा नातवाला टोचून बोलत नाहीत आणि नातू त्यांच्या ताटाजवळ रस्सा नेत नाही. गावात हरिनाम सप्ताह बसला की सात दिवस कुणाच्या घरी मासळीचा वास येत नाही. त्यासाठी आदेश निघत नाही, पोलीस पाटील दारोदार फिरत नाहीत. आणि त्याच गावात राखणीला कोंबडा देतात, जत्रेला बोकड पडतो, पहिल्या पावसात पोरं वलगणीचे मासे धरायला ओढ्यावर धावतात. काय खावं, कधी खावं, कुणासमोर खाऊ नये, याची इतकी बारीक समज ज्या समाजाकडे आहे त्याला उद्या या नव्या मांसाचं काय करायचं हेही ठरवता येईल. कुणी म्हणेल, जीव गेला नाही म्हणून मला चालतं. कुणी म्हणेल, मांस ते मांस, माळेला चालत नाही. कुणाला टाकीतलं म्हणूनच नको वाटेल. ही सगळी उत्तरं खरी आहेत आणि ती ज्याच्या त्याच्या घरी ठरू देत.

अन्नपाण्यावरच्या सत्तेचा अर्थ महाडला शिकवायची गरज नाही. ४ ऑगस्ट १९२३ला मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, ५ जानेवारी १९२४ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, आणि तरीही तळ्याचं पाणी अस्पृश्यांसाठी बंदच राहिलं. ते ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तळ्याच्या पायऱ्या उतरले, हजारो माणसं त्यांच्यामागून उतरली, आणि त्यानंतर गावात त्यांच्यावर लाठ्या चालल्या. त्या वेळी महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं, उष्ट्या अन्नावर जगणं सोडायला सांगितलं. मेलेली जनावरं ज्याची त्यानं ओढावीत, असं सवर्णांना बजावणारा ठरावही तिथं झाला.

त्या परिषदेनं मृत मांस खाण्यावर कायद्यानं बंदी आणावी अशी मागणी सरकारकडे केली होती, हेही सांगायला हवं. म्हणजे महाडची परंपरा प्रत्येक बंदीच्या विरोधातली आहे, असं म्हणून मी माझा मुद्दा सोपा करून घेणार नाही. पण ती मागणी कुणी केली ते पाहा. ज्यांच्या तोंडी ते मांस शतकानुशतकं घातलं गेलं होतं त्यांनीच, स्वतःच्या सन्मानासाठी, आणि त्याच दमात सक्तीचं मोफत शिक्षण मागून, वसतिगृहांना मदत मागून. आपल्या आयुष्याची वाट बदलण्यासाठी माणसं स्वतः एकत्र येऊन मागतात तो कायदा आणि आपल्या धंद्याला स्पर्धा नको म्हणून कुणीतरी दुसऱ्याच्या ताटावर घालतो ती बंदी, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणतीही अन्नबंदी समोर आली की महाडकरानं हे तीन प्रश्न विचारावेत: मागितली कुणी, लागू कुणाला, फायदा कुणाचा? फ्लोरिडाच्या कायद्याला हे प्रश्न लावून पाहा. खाणाऱ्यांनी मोर्चा काढून ती बंदी मागितली नव्हती.

आपल्या राज्यातलं उदाहरण तर हाताशी आहे. १९७६च्या पशुसंरक्षण कायद्यात गोहत्येला बंदी होतीच. २०१५च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले. आपल्याकडे भाताच्या खाचरात चालणारे ते बुटके, काटक बैल. पॉवर टिलर आले आणि म्हातारा बैल विकायची सोय गेली, तेव्हा कित्येक घरांनी बैलजोडी ठेवणंच बंद केलं. गाईवरची श्रद्धा मला मान्य आहे, माझ्या घरातही ती आहे. पण पोशिंद्याच्या हिशेबात म्हाताऱ्या जनावराचा चारा कुठे बसतो, हे कायदा करण्याआधी कुणी त्याला विचारलं नव्हतं. याच कायद्यात परराज्यात कापलेल्या गाय-बैलांचं मांस जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरवला होता. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते कलम रद्द केलं आणि त्यासाठी माणसाच्या खासगीपणाच्या हक्काचा आधार घेतला. घरात काय शिजतं हे बघायला सरकारनं झाकण उचलू नये, असा त्याचा सरळ अर्थ.

बंदी नको म्हणजे मोकाट सोडा, असं मी मुळीच म्हणत नाही. महाडकराला मोकाट सोडलेल्या कारखान्याचा अर्थ चांगला माहीत आहे. सावित्री नदीच्या काठानं ज्यांचं बालपण गेलं त्यांना विचारा, पूर्वी कुठल्या डोहात कोणता मासा मिळायचा आणि आज तिथं काय मिळतं. पेशी वाढवून झाल्या की टाकीत उरणारं पाणी निरुपद्रवी नसतं. त्यात अमोनिया असतो, लॅक्टिक आम्ल असतं, न वापरलेली साखर असते. नदीत सोडलं तर ते पाण्यातला प्राणवायू खाईल. असा प्रकल्प उद्या आपल्या दारात आला तर सांडपाण्याचा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा, प्रक्रिया केंद्र चालू झाल्याशिवाय पहिली बॅच लावू देऊ नका. पाकिटावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा की हे पेशींपासून वाढवलेलं मांस आहे, कोणत्या प्राण्याच्या पेशी आहेत, कोणत्या द्रवात वाढवल्या आहेत. हॉटेलवाल्यानं ते साध्या मटणात मिसळून खपवलं तर त्याचा परवाना काढून घ्या. हे सगळं करायला नव्या बंदीची गरज नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१७चे नियम आहेत. ज्या अन्नाचं मानक अजून ठरलेलं नाही ते विकण्याआधी प्राधिकरणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, सुरक्षिततेचे पुरावे द्यावे लागतात. पहारेकरी दारावर उभा आहे. त्याला नीट काम करू द्यावं, दार विटांनी बुजवून टाकू नये.

आता कामाचं बोलतो.

लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना माझी पहिली हाक आहे. तुमचं विद्यापीठ महाडच्या उंबऱ्यावर आहे, रासायनिक अभियांत्रिकी तुमच्याकडे शिकवली जाते, आणि तुमच्या आजूबाजूला रिॲक्टर चालवलेली हजारो माणसं आहेत. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हा विषय घ्या. हळू फिरणारा एजिटेटर, स्वस्त पोषणद्रव, वापरलेल्या पाण्याची शुद्धी, यातला एखादा तुकडा उचला. नाचणी आणि कुळीथ यांच्यापासून पेशींचं खाद्य तयार होईल का, हे तपासून पाहा. माटुंग्याला पत्र लिहा, हैदराबादला लिहा. तुमच्या विद्यापीठाकडे जैवप्रक्रियेचा छोटा अभ्यासक्रम मागा आणि एमआयडीसीतल्या कामगारांना त्यात संध्याकाळी बसता येईल असं पाहा.

एमआयडीसीतल्या उद्योजकांनो, तुमच्यातले कितीतरी जण माटुंग्याच्या त्याच संस्थेत शिकले. कर्जतच्या केंद्राची घोषणा तुमच्याच मातृसंस्थेनं केली होती. त्या घोषणेतलं काय उभं राहिलं, निधी किती आला, जागा कुठे आहे, हे सरकारला लेखी विचारायचा पहिला अधिकार तुमचा आहे. आपले आमदार-खासदार कोणत्याही पक्षाचे असोत, त्यांच्याकडून हा प्रश्न अधिवेशनात मांडून घ्या. सरकारचं उत्तर छापील कागदावर आलं की पुढची दिशा ठरवता येईल.

शेळीपालकांनो, गावठी कोंबड्या सांभाळणाऱ्या मावशींनो, तुम्हाला कुणी टाकीतल्या मटणाची भीती घालून सभेला बोलावलं तर जरूर जा आणि तिथं उभं राहून आपलं मागणं मांडा. मे महिना उजाडण्याआधी प्रत्येक वाडीवर लस. पंचायतीत एक वजनकाटा, म्हणजे बोकड अंदाजावर जाणार नाही, जिवंत वजनावर जाईल. बिबट्याच्या नुकसानभरपाईची रक्कम ठरलेल्या मुदतीत. गायरानात पाल्याची झाडं. डोंगरात चरलेल्या बोकडाचं आणि अंगणात वाढलेल्या गावठी कोंबडीचं मटण त्याच नावानं, थोड्या चढ्या भावानं विकायची बाजारात वेगळी जागा. ज्या दिवशी गिऱ्हाईकासमोर टाकीतलं, ब्रॉयलरचं आणि पोलादपूरच्या डोंगरातलं अशी तीन मांसं नीट नाव लावून येतील, त्या दिवशी तुमच्या बोकडाला भाव चढा मिळेल, याची मला खात्री आहे. तुम्हाला धोका आहे तो नाव न लावता, मिसळून, फसवून विकण्याचा, आणि त्याविरुद्ध मी तुमच्या बाजूनं उभा आहे.

आणि चाकरमान्यांनो, गणपतीला, शिमग्याला गावी याल तेव्हा हा विषय पारावर काढा. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत या मांसाविषयी वाटेल ते सांगतात. कुणी त्याला प्लास्टिक म्हणतं, कुणी कर्करोगाचं मूळ. त्याला उत्तर द्यायला शास्त्रज्ञ गावी येणार नाही. तुम्ही आहात.

ग्रामसभा २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला भरते. पुढच्या ग्रामसभेत दोन ठराव मांडा. पहिला, आमच्या गावातल्या प्रत्येक बकरीला पावसाआधी लस मिळावी आणि पंचायतीत वजनकाटा यावा. दुसरा, पेशींपासून वाढवलेल्या मांसावर संशोधन करायला, आणि प्राधिकरणाची परवानगी मिळाल्यावर ते नाव लावून विकायला, महाराष्ट्र सरकारनं बंदी घालू नये. तसं काही विधेयक आलंच तर ते मांडण्याआधी पशुपालक, कामगार आणि खाणारे यांची जाहीर सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी नको, आमच्या तालुक्यात घ्यावी. ठराव दोन्ही एकाच कागदावर घ्या, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या सह्या घ्या, एक प्रत तहसीलदारांना द्या, एक आमदारांना, आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.